जनुकाचे पेशीतील स्थान नेमके कोणते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, पाठ्यपुस्तकांत जनुके गुणधर्म ‘ठरवतात’ असे लिहिलेले असते, प्रणाली जीवशास्त्रातील (सिस्टिम्स बायॉलॉजी, म्हणजे पेशीतील घटकांच्या परस्परसंबंधांचा एकत्रित अभ्यास) लेख मात्र जनुकांना कोणताही विशेष दर्जा द्यायला तयार नसतात, आणि काही लेखक तर जनुकांना निष्क्रिय साठा म्हणून मोकळे होतात. यांतले खरे काय मानायचे, आणि हा केवळ तात्त्विक वाद आहे की त्याने प्रयोगशाळेतले काम बदलते? प्रबंधासाठी एकच जनुक निवडणे आता कालबाह्य झाले आहे का, असेही त्याने शेवटी जोडले आहे.

पेशीतील जालांची गणिती प्रारूपे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. जनुकांचे महत्त्व कमी झालेले नाही. त्यांच्याविषयी आपण जे विधान करतो, त्याचा प्रकार बदलायला हवा. अमुक जनुकातील फरकामुळे अमुक पार्श्वभूमीवर गुणधर्मात फरक पडतो, हे विधान चांगल्या प्रयोगाने सिद्ध करता येते. ते जनुक तो गुणधर्म निर्माण करते, हे विधान फार क्वचित सिद्ध झालेले असते. पहिल्या विधानाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली फळमाश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तेव्हा त्या जनुकाला ‘व्हाइट’ हे नाव मिळाले. माशीचे नेहमीचे डोळे लाल असतात. म्हणजे ‘व्हाइट’ हे जनुक धडधाकट असेल तर डोळा लाल होतो आणि ते निकामी झाले तर पांढरा. या जनुकापासून बनणारे प्रथिन रंगद्रव्य तयारही करत नाही. रंगद्रव्याचे पूर्वघटक पेशीत आत वाहून नेणाऱ्या वाहकाचा ते एक भाग असते. रंगद्रव्य तयार करणारे एन्झाइम वेगळ्याच जनुकांतून येतात आणि त्यांपैकी एखादे बिघडले तरी डोळ्याचा रंग बदलतो. मॉर्गन यांच्या प्रयोगाने दाखवले ते इतकेच की, बाकी सगळे सारखे असताना या एका ठिकाणचा फरक डोळ्याच्या रंगातील फरकाशी जोडलेला आहे. आनुवंशिकीची सारी ताकद या एका युक्तीत आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे, कारण ‘बाकी सगळे सारखे’ ही अट प्रयोगात पाळली जाते आणि निष्कर्ष लिहिताना मात्र गळून पडते.

पुढे १९६१ च्या सुमारास फ्रान्स्वा झाकॉब आणि झाक मोनो यांच्या लॅक ओपेरॉनवरील (लॅक्टोज वापरण्यासाठी लागणाऱ्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जिवाणूतील जनुकांच्या गटावरील) कामाबरोबर ‘आनुवंशिक कार्यक्रम’, म्हणजे पेशीच्या वागण्याच्या सूचना डीएनएत लिहिलेल्या असतात, ही कल्पना रुळली. संगणकाचा काळ सुरू होत होता आणि कल्पना सोयीची होती. गंमत अशी की, त्या कल्पनेला छेद देणारा प्रयोग त्याच लॅक यंत्रणेवर आधीच, १९५७ मध्ये, आरॉन नोविक आणि मिल्टन वाइनर यांनी करून ठेवला होता. लॅक्टोजसारखा दिसणारा, ओपेरॉन चालू करणारा पण स्वतः न पचणारा पदार्थ त्यांनी ई. कोलाय जिवाणूंना अगदी कमी प्रमाणात दिला. आधी चालू असलेल्या पेशींची संतती पिढ्यानपिढ्या चालू राहिली आणि बंद असलेल्यांची बंद. दोन्हींचा डीएनए एकच होता आणि माध्यमही एकच होते. कारण असे की, हा पदार्थ आत ओढणारे परमिएज हे प्रथिन त्याच ओपेरॉनमधून तयार होते. ज्या पेशीत ते पुरेसे आहे तिथे पदार्थ आत येत राहतो, त्यामुळे परमिएज तयार होत राहते, आणि पेशी विभागली की ते रेणू दोन्ही कन्यापेशींत वाटले जातात. चालू असण्याची ही अवस्था वारशाने गेली खरी, पण ती डीएनएच्या अक्षरांत कुठेही लिहिलेली नव्हती. या वर्तुळाची शक्यता मात्र जनुकांच्या रचनेनेच निर्माण केली होती. ही दोन वाक्ये एकदम धरून ठेवता आली, तर निम्मे काम झाले असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण जैविक घड्याळाचे आहे. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी फळमाशीत एकाच ठिकाणची तीन उत्परिवर्तने शोधली. एकाने दिवसाची लय सुमारे १९ तासांवर आली, दुसऱ्याने ती २८ तासांवर गेली आणि तिसऱ्याने ती पूर्ण नाहीशी झाली. जनुकाचे नाव ‘पीरियड’ ठेवले गेले आणि ‘घड्याळाचे जनुक सापडले’ असे म्हणणे तेव्हा स्वाभाविकच होते. १९९० मध्ये पॉल हार्डिन, जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी या जनुकापासून बनणारे प्रथिन आपल्याच जनुकाचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए तयार होणे) रोखते, असे प्रत्याभरणाचे (फीडबॅक) चित्र मांडले. हॉल, रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना या क्षेत्रातील कामासाठी २०१७ चे नोबेल मिळाले. या चित्रात लय एका जनुकात नसली तरी जनुके चालू-बंद होण्यात आहे, म्हणजे जनुक अजूनही यंत्राचा अपरिहार्य भाग आहे.

मग २००५ साली जपानमध्ये ताकाओ कोंडो यांच्या गटाने सायनोबॅक्टेरियातील (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) काय-ए, काय-बी आणि काय-सी ही तीन शुद्ध प्रथिने एटीपीसह (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) परीक्षानळीत एकत्र केली. काय-सीवरील फॉस्फेट गटांचे प्रमाण सुमारे २४ तासांच्या लयीने वरखाली होऊ लागले आणि तापमान बदलले तरी लयीचा कालावधी जवळपास तोच राहिला. त्या नळीत डीएनए नव्हता, आरएनए नव्हता आणि नवे प्रथिन तयार होण्याची कोणतीही सोय नव्हती. पाठोपाठ २०११ मध्ये माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत पेरॉक्सिरिडॉक्सिन या प्रथिनाच्या ऑक्सिडीकरणाची सुमारे २४ तासांची लय दिसली. या पेशींत केंद्रकच नसते.

घड्याळ जनुकांशिवाय चालते, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो आणि अनेकांनी तो काढलाही. तो पुरता बरोबर नाही. काय-सीच्या जनुकात ठरावीक बदल केला आणि त्यापासून बनलेले प्रथिन नळीत घातले, तर नळीतील लयीचा कालावधीही बदलतो. काय-सीचा एक रेणू दिवसाला साधारण १५ एटीपी इतक्या विलक्षण संथ गतीने त्यांचे विघटन करतो आणि हा संथपणा प्रथिनाच्या रचनेत, पर्यायाने जनुकाच्या क्रमात बसवलेला आहे. लय हा गुणधर्म मात्र तीन प्रथिनांच्या एकमेकांना जोडण्या-सोडण्याच्या क्रमातून, त्यांच्या परस्पर प्रमाणातून आणि एटीपीच्या पुरवठ्यातून उभा राहतो. तिघांपैकी एकही वगळले तर लय राहत नाही. म्हणून ‘लय कोणत्या प्रथिनात आहे’ या प्रश्नाला उत्तर नाही आणि ‘कालावधी कशाने बदलतो’ या प्रश्नाला नेमके, मोजता येण्याजोगे उत्तर आहे. जिवंत सायनोबॅक्टेरियात प्रतिलेखनाचे वर्तुळही असते आणि त्याने घड्याळ अधिक पक्के होते, हेही इथे नोंदवायला हवे.

दुसरे उदाहरण चयापचयाचे, आणि त्यावर थोडा वेळ घालवणे आवश्यक आहे, कारण प्रणाली जीवशास्त्र हे नाव रुळण्याच्या कितीतरी आधी इथे हा विचार गणिताने मांडला गेला होता. हेन्रिक कॅक्सर आणि जिम बर्न्स यांनी १९७३ मध्ये विचारलेला प्रश्न साधा होता: एखाद्या एन्झाइमचे प्रमाण एक टक्क्याने बदलले, तर त्या संपूर्ण मार्गातून (एकामागून एक होणाऱ्या रासायनिक क्रियांच्या साखळीतून) वाहणारा प्रवाह किती टक्क्यांनी बदलतो? या गुणोत्तराला नियंत्रण गुणांक म्हणतात आणि मार्गातील सर्व एन्झाइमच्या गुणांकांची बेरीज एक येते. म्हणजे नियंत्रण ही वाटून घेतलेली गोष्ट आहे. ‘मार्गाचा वेग ठरवणारे एकमेव एन्झाइम’ ही पाठ्यपुस्तकी कल्पना अपवादानेच खरी ठरते, आणि एकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा कमी होतो, मग त्यांच्या जनुकांत काहीही बदल झालेला नसला तरी.

यातून पुढचे पाऊल त्यांनी १९८१ मध्ये टाकले. काही उत्परिवर्तने अप्रभावी (रिसेसिव्ह) का असतात, म्हणजे जनुकाची एक प्रत शाबूत असली तर त्यांचा परिणाम का दिसत नाही, हा जुना प्रश्न होता. रोनाल्ड फिशर यांनी १९२८ मध्ये त्याचे उत्तर नैसर्गिक निवडीने घडवलेल्या सहायक जनुकांत शोधले होते. कॅक्सर आणि बर्न्स यांनी दाखवले की, त्याची गरजच नाही. साध्या सरळ मार्गात एखाद्या एन्झाइमचा नियंत्रण गुणांक ०.०५ आहे असे धरा. दोन प्रतींपैकी एक निकामी होऊन त्याचे प्रमाण निम्मे झाले, तर त्या पायरीचा अडथळा दुप्पट होईल, एकूण अडथळा १ वरून १.०५ होईल आणि प्रवाह जेमतेम पाच टक्क्यांनी घटेल. दोन्ही प्रती गेल्या तर प्रवाह शून्य होईल. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला एक निकामी प्रत असलेला जीव निरोगीच दिसेल. प्रभावी असणे किंवा अप्रभावी असणे हा इथे जनुकाचा गुण राहतच नाही. ते जनुक ज्या मार्गात बसले आहे त्या मार्गाचा तो गुण होतो. हा युक्तिवाद एन्झाइमना लागू पडतो, सगळीकडे नाही. प्रतिलेखन नियंत्रित करणाऱ्या किंवा संरचना उभारणाऱ्या प्रथिनांत प्रमाण निम्मे झाल्याने मोठे दोष येताना दिसतात, कारण तिथे प्रमाण आणि परिणाम यांचा संबंध वेगळ्या आकाराचा असतो.

जनुक काढून टाकून त्याचे काम ओळखण्याच्या पद्धतीकडे आता या नजरेने पाहा. किण्व पेशीतील (यीस्ट) सुमारे ६,००० जनुके एकेक करून काढून पाहिली, तेव्हा भरपूर पोषण असलेल्या माध्यमात त्यांतली साधारण पंचमांशच अनिवार्य ठरली. उरलेली निरुपयोगी आहेत असे कुणी म्हणाले नाही, पण ‘काम अज्ञात’ असा शिक्का पुष्कळांवर बसला. २००८ मध्ये त्याच संचावर शेकडो रसायने आणि निरनिराळ्या परिस्थिती वापरून पाहिल्यावर ९७ टक्के जनुकांच्या बाबतीत कुठे ना कुठे वाढीवर मोजता येणारा परिणाम आढळला. परिणाम न दिसणे ही बहुधा त्या परिस्थितीविषयीची माहिती असते.

याची उलट बाजू हृदयात दिसते. डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये हृदयपेशीच्या विद्युत क्रियेचे पहिले गणिती प्रारूप केले. जनुकांविषयीच्या आजच्या वादातही त्यांचे नाव सर्वांत पुढे आहे. लय निर्माण करणाऱ्या पेशींत एक आवक प्रवाह पटलाचा विद्युतविभव हळूहळू वर नेतो. प्रारूपात तो काढून टाकला, तर लय थांबेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती फक्त मंदावते, कारण विभव थोडा सरकताच दुसरा आवक प्रवाह बराचसा भार उचलतो. यांतला पहिला प्रवाह रोखणारे इव्हाब्रॅडिन हे औषध हृदयाचे ठोके कमी करते, ते बंद पाडत नाही. इथे घडते ते असे: आयन-वाहिन्या विभव बदलतात आणि विभव आयन-वाहिन्या उघडतो व मिटतो. प्रत्येक वाहिनीचे जनुक आहे, विभवाचे जनुक नाही. वर्तुळ पूर्ण होते ते पेशीच्या पटलामुळे, आणि पटल ही पेशीकडून पेशीकडे अखंड चालत आलेली गोष्ट आहे. एक वाहिनी काढून दिसलेला थोडासा फरक हा तिचा मूळ वाटा मानला, तर तो वाटा आपण कमी मोजतो.

माणसांतील गुणधर्मांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तिथे आकडे मोठे आणि यंत्रणेची समज लहान आहे. उंचीवरील २०२२ च्या विश्लेषणात सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीतून १२,१११ स्वतंत्र जनुकीय फरक निघाले. युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतील जवळपास ४० टक्के विविधता त्यांनी समजावता येते, इतर वंशांत मात्र १० ते २० टक्केच. या घसरगुंडीचे एक मोठे कारण सांख्यिकीय आहे: मोजलेला फरक हा खऱ्या कारणीभूत फरकाच्या शेजारचा खुणेचा दगड असतो आणि दोघांची सोबत वंशागणिक बदलते. प्रणाली जीवशास्त्राचा विजय म्हणून हा आकडा मिरवू नये. इतके मात्र दिसते की, अशा गुणधर्माबाबत ‘उंचीचे जनुक’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

मग एकाच जनुकाच्या आजारांचे काय, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. सिकलसेल आजारात बीटा-ग्लोबिन प्रथिनातील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. कारण आणि परिणाम यांची साखळी यापेक्षा स्पष्ट फारशी कुठे सापडत नाही. तरीही त्याच उत्परिवर्तनाच्या दोन रुग्णांत आजाराची तीव्रता खूप वेगळी असू शकते आणि त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन किती शिल्लक राहिले याचा मोठा वाटा असतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली क्रिस्पर (डीएनएत ठरावीक जागी बदल करण्याचे तंत्र) उपचारपद्धती याच धाग्यावर उभी आहे. ती बिघडलेल्या अक्षराला हातच लावत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल-११-ए या जनुकाचा, रक्तपेशी घडताना वापरला जाणारा नियामक भाग ती निकामी करते. आजाराचे कारण एका जनुकात, इलाजाची जागा दुसऱ्या जनुकाच्या नियमनात. जाल माहीत नसते, तर ही जागा कुणाला सुचली नसती. आणि जनुकांत अचूक बदल करता आला नसता, तर सुचूनही उपयोग नव्हता.

इथे दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांशी माझा मतभेद स्पष्ट करतो. ‘पेशी वाचते, जनुक केवळ वाचले जाते, म्हणून जनुक निष्क्रिय आहे’ हा युक्तिवाद ऐकायला चांगला वाटतो, पण त्यातून पुरेसे काही हाती लागत नाही. सक्रिय कोण आणि निष्क्रिय कोण, या भाषेतून एकही प्रयोग निघत नाही. विचारायचा प्रश्न नेमकेपणाचा आहे. तापमान वाढवले तर पेशीतील हजारो क्रिया एकदम बदलतात. डीएनएतील एक अक्षर बदलले तर एका प्रथिनातील एका जागी एक ठरावीक बदल होतो आणि तसे असंख्य वेगवेगळे बदल स्वतंत्रपणे करता येतात. कारणे सगळीच असतात, पण त्यांचा नेमकेपणा सारखा नसतो. फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ मध्ये मांडलेले आणि १९७० मध्ये पुन्हा स्पष्ट केलेले विधान, म्हणजे प्रथिनातील क्रमाची माहिती परत न्यूक्लिइक आम्लात जात नाही, आजही टिकून आहे. वर दिलेल्या उदाहरणांपैकी एकही त्याला धक्का लावत नाही, कारण क्रिक क्रमाविषयी बोलत होते, शरीरावर सत्ता कुणाची याविषयी नव्हे.

अर्थात क्रमाची ही अचूकतादेखील डीएनएची एकट्याची कमाई नाही. प्रत काढताना अक्षरे निवडण्याच्या पायरीवर साधारण लाख अक्षरांमागे एक चूक होते. तपासणी आणि दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांमुळे अखेरीस ती अब्जामागे एक किंवा त्याहूनही कमी उरते.

दोन्ही पक्ष पुरावा म्हणून पुढे करतात तो प्रयोग २०१० चा. क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने मायकोप्लाझ्मा मायकॉइडिसचा सुमारे १०.८ लाख अक्षरांचा जनुकसंच रासायनिक पद्धतीने तयार करून मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम या जवळच्या जातीच्या पेशीत घातला. काही पिढ्यांत त्या वसाहतीची प्रथिने नव्या जनुकसंचाप्रमाणे झाली. एक पक्ष म्हणतो, पाहा, जनुकसंचाने पेशी बदलली. दुसरा म्हणतो, पाहा, आयती जिवंत पेशी मिळाल्याशिवाय तो जनुकसंच काहीच करू शकला नाही. दोघेही बरोबर आहेत, आणि जवळचीच जात का निवडावी लागली हा प्रश्न मला दोघांच्या घोषणांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तुलनेसाठी २००५ मधील माशांचा प्रयोग पाहावा: कार्प माशाच्या पेशीचे केंद्रक गोल्डफिशच्या केंद्रक काढलेल्या अंड्यात घालून वाढवलेले मासे बहुतांशी कार्पसारखे दिसले, पण त्यांच्या मणक्यांची संख्या गोल्डफिशच्या पल्ल्यात, २६ ते २८ अशी निघाली; कार्पमध्ये ती ३३ ते ३६ असते. अंड्याच्या द्रव्याचा ठसा कुठे उमटतो आणि कुठे पुसला जातो, हे अशा प्रयोगांतून गुणधर्मागणिक तपासावे लागते. सरसकट उत्तर नाही.

आता कामात काय बदलते ते सांगतो. मी लिहितो त्या समीकरणांत जनुक सहसा जनुक म्हणून येतच नाही. ते निर्मितीचा दर, विघटनाचा दर, दोन रेणूंच्या बंधाची घट्टता, एन्झाइमचा वेग अशा राशींच्या रूपाने येते. एका उत्परिवर्तनाने यांपैकी अनेक राशी एकदम बदलू शकतात आणि एका राशीवर अनेक जनुकांचा परिणाम असतो. शिवाय, मोठ्या प्रारूपांत काही राशी दसपट बदलल्या तरी वर्तन ढळत नाही आणि काहींच्या मिश्रणात थोडा बदल झाला तरी सगळे बिघडते. कोणत्या राशी कोणत्या प्रकारच्या आहेत, हे जनुकांच्या यादीकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून जनुकसंचाचा क्रम हाती आला की प्रारूप तयार होईल, ही अपेक्षा मी बाळगत नाही. २०१६ मध्ये तयार केलेल्या किमान जनुकसंचाच्या पेशीत ४७३ जनुके होती आणि त्यांपैकी १४९ चे काम तेव्हा ठाऊक नव्हते, हे इथे आठवावे.

लेख तपासताना मी लेखकाला तीन गोष्टी लिहायला लावतो: जनुकात कोणता फरक केला, कोणत्या जनुकीय पार्श्वभूमीवर व माध्यमात केला, आणि परिणाम केव्हा मोजला. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. जनुक काढल्यानंतर कित्येक पिढ्या वाढवलेली पेशी ही जुळवून घेतलेली पेशी असते. प्रथिन काही मिनिटांत नष्ट करून लगेच मोजले, तर त्याच जनुकाचे वेगळेच चित्र दिसू शकते.

प्रबंधासाठी एकच जनुक निवडावे का, या प्रश्नाचे उत्तर हो असे आहे, जरूर निवडा. मात्र ते असणे आणि नसणे या दोनच अवस्थांत तोलू नका. त्याच्या प्रथिनाचे प्रमाण पाच-सहा पायऱ्यांनी कमी करत जा, आज हे क्रिस्परच्या रोधक प्रकाराने सहज जमते, आणि प्रत्येक पायरीवर तुमचा गुणधर्म मोजून वक्र काढा. मग तेच किमान दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर पुन्हा करा. वक्र सपाट आला, तर ‘या जनुकाचे काही काम नाही’ असे लिहू नका. मार्गातील दुसऱ्या एका पायरीचे प्रमाण कमी करून तो पुन्हा काढा, कारण नियंत्रणाचा वाटा तिकडून इकडे सरकतो का, ते तेव्हाच कळेल.